सोंगाड्याच्या नाकावर आधी रंग का लागतो? चीनच्या नाटकवाल्यांचा देव झालेल्या सम्राटाची गोष्ट

चायनीज ऑपेराच्या जुन्या कंपन्यांमध्ये एक रिवाज होता. रंगपटात कितीही मोठा नट बसलेला असो, जोवर सोंगाड्या स्वतःच्या नाकावर पांढऱ्या रंगाचा पहिला फटकारा मारत नाही, तोवर बाकीच्यांनी तोंडाला रंग लावायचा नाही. कपड्यांच्या कुठल्या पेटाऱ्यावर कुणी बसायचं हेही ठरलेलं असायचं. सोंगाड्या मात्र कुठल्याही पेटाऱ्यावर बसू शकायचा.

नायक सोडून हा मान सोंगाड्याला कसा काय?

नाटकवाले सांगायचे की एकेकाळी खुद्द सम्राट सोंगाड्याचं काम करायचा. आपण सम्राट आहोत हे लपावं म्हणून तो नाकावर पांढरा ठिपका लावायचा. तोच सम्राट पुढे नाटकवाल्यांचा देव झाला. त्याच्या बागेवरून नट स्वतःला नासपतीच्या बागेतले शिष्य म्हणवून घ्यायला लागले आणि चीनमध्ये नाट्यव्यवसायाचं नावच पडलं लीयुआन, म्हणजे नासपतीची बाग.

यातली बाग खरी आहे. शिष्यही खरे आहेत. सोंगाड्याच्या गोष्टीत मात्र गडबड आहे, ती पुढे येईलच.

या सम्राटाचं नाव ली लोंगजी. इतिहासाची पुस्तकं त्याला तांग घराण्याचा सम्राट शुआनझोंग म्हणतात. लोकांमध्ये आणि नाटकांमध्ये मात्र तो मिंगह्वांग म्हणूनच ओळखला जातो. मिंगह्वांग म्हणजे तेजस्वी सम्राट.

त्याचा जन्म इ.स. ६८५ मधला. राजाच्या घरचा, पण लहानपण लाडाकोडाचं अजिबात नाही. त्याची आजी होती वू झेत्येन. स्वतःच्या नावानं सम्राटपदावर बसलेली चीनच्या इतिहासातली एकमेव बाई. तिनं आपल्याच मुलांना गादीवरून खाली खेचलं होतं. लोंगजीचा बाप नावाला सम्राट होता, पण त्याचा मुक्काम एका अर्थी राजवाड्याच्या कैदेतच.

६९० साली आजीच्या मेजवानीत सगळ्या नातवंडांनी काही ना काही करून दाखवलं. चिनी हिशेबानं ६ वर्षांच्या लोंगजीनं नाच केला. त्याच्या ५ वर्षांच्या भावानं लानलिंगच्या राजपुत्राचं सोंग वठवलं. या मेजवानीची नोंद त्यांच्या बहिणीच्या समाधीवरच्या शिलालेखात आहे.

हे लानलिंगचं सोंग लक्षात ठेवायला हवं, कारण चिनी नाटकाची सुरुवात शोधणारे इथंच येऊन थांबतात. लानलिंगचा राजपुत्र सहाव्या शतकातला शूर सेनापती. गोष्ट अशी सांगतात की त्याचा चेहरा इतका नाजूक आणि देखणा होता की शत्रूला त्याची भीतीच वाटेना. म्हणून तो उग्र मुखवटा घालून लढायला जायचा. त्यावर मुखवट्याचा नाच तयार झाला.

६९३ साली, म्हणजे त्या मेजवानीनंतर ३ वर्षांनी, आजीनं लोंगजीच्या आईला भेटीला बोलावलं. आई आत गेली ती परत आलीच नाही. तिचा मृतदेहसुद्धा सापडला नाही.

म्हाताऱ्या वू झेत्येनला ७०५ साली गादी सोडावी लागली. त्यानंतरची काही वर्षं दरबारात नुसते कट चालू होते. ७१० साली सम्राट अचानक मेला आणि त्याच्या राणीनं सत्ता हातात घ्यायची तयारी चालवली. तेव्हा पंचविशीतल्या लोंगजीनं आपल्या आत्याला हाताशी धरलं, राजवाड्याच्या पहारेकऱ्यांना फोडलं आणि एका रात्रीत राणीचा गट कापून काढला. बापाला पुन्हा गादीवर बसवलं. ७१२ साली बापानं गादी त्याच्या हवाली केली. पुढच्याच वर्षी आत्या डोईजड झाली, तेव्हा तिचाही बंदोबस्त झाला.

इतकं रक्त सांडून आलेला माणूस गादीवर बसल्यावर आधी काय करेल? लष्कर, खजिना, अधिकारी, हे सगळं त्यानं पाहिलंच. पण ७१४ साली, सत्ता हातात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, तेव्हा त्यानं आणखी एक काम केलं.

तोवर दरबारातल्या सगळ्या कलाकारांचा कारभार धार्मिक विधी बघणाऱ्या खात्याकडे होता. देवापितरांच्या पूजेचं गंभीर संगीत आणि डोंबाऱ्याचे खेळ, नाच, नकला, सगळं एकाच छताखाली. मिंगह्वांगनं ठरवलं की विधीवाल्यांनी विधी बघावेत. करमणुकीच्या कलांसाठी त्यानं वेगळ्या संस्था काढल्या, त्यांचं नाव च्याओफांग. आणि ३०० निवडक वादक स्वतःच्या हाताखाली घेऊन राजधानी चांगआनमधल्या नासपतीच्या बागेत त्यांना शिकवायला सुरुवात केली. चांगआन म्हणजे आजचं शिआन शहर. यांच्या जोडीला राजवाड्यातल्या शेकडो स्त्रियाही होत्या.

शिकवायला सुरुवात केली हे शब्दशः खरं आहे. सगळा ताफा वाजवत असताना एखाद्याचा सूर चुकला तरी सम्राटाच्या कानाला ते कळायचं आणि तो तिथंच थांबवून दुरुस्त करायचा, असं इतिहासात नोंदवलंय. त्याचं स्वतःचं वाद्य होतं जिएगू, मध्य आशियातून आलेला ढोल, दोन काठ्यांनी वाजवायचा. दरबारातला गाजलेला संगीतकार ली ग्वेइन्येन यानं एकदा बढाई मारली की सराव करून करून आपण ढोलाच्या इतक्या काठ्या मोडल्या. त्यावर सम्राटानं आपण कपाटं भरतील एवढ्या मोडल्याचं ऐकवलं, असा एक किस्सा सांगतात.

या दरबारात कलाकारांची प्रतवारी कशी व्हायची तेही बघण्यासारखं आहे. सगळ्यात चांगले वादक दालनात बसून वाजवायचे. ज्यांना ते जमत नसे त्यांची रवानगी अंगणात उभं राहून वाजवणाऱ्यांमध्ये. आणि ज्यांना तेही जमत नसे त्यांना पाठवायचे पूजेचं पवित्र संगीत शिकायला! कर्मठ मंडळींचा याच्यावर किती जळफळाट झाला असेल याची कल्पना करता येते.

मात्र सम्राटाचे शिष्य झाले म्हणून या कलाकारांचा दर्जा बदलला नाही. तांग कायद्यात वंशपरंपरागत वादक घराण्यांची नोंद सामान्य रयतेच्याही खाली होती. त्यांनी चांगल्या घरात लग्न करायचं नाही, परीक्षा देऊन अधिकारी व्हायचं नाही. सम्राट ज्याच्या शेजारी बसून ढोल वाजवतो, तो माणूस कायद्यानं हलक्या जातीचा.

आता प्रश्न असा की या संस्थांमध्ये नाटक होतं का? आज आपण चायनीज ऑपेरा म्हणतो तसं, गोष्ट, गाणी, संवाद आणि रंगवलेले चेहरे असं लांबलचक नाटक तेव्हा नव्हतं. ते तयार व्हायला अजून काही शतकं जायची होती. पण त्याचे तुकडे मात्र इथं होते.

एक तुकडा लानलिंगच्या मुखवट्याचा. दुसरा थायाओन्यांगचा. त्यात एक दारुडा नवरा असतो, लाल नाकाचा. स्वतःला मोठा अधिकारी म्हणवतो आणि रोज पिऊन बायकोला बडवतो. बायको डुलत डुलत, पावलं टाकत येते आणि शेजारपाजाऱ्यांना आपलं दुःख गाऊन सांगते. तिच्या प्रत्येक कडव्याला बाकीचे साथ देतात. मग नवरा येतो, भांडण होतं आणि लोक हसतात. आधी बायकोचं काम पुरुष करायचे, पुढे बायका करायला लागल्या. गाणं, नाच, गोष्ट आणि एकमेकांसमोर उभी दोन पात्रं, हे सगळं या छोट्याशा खेळात आलंय.

तिसरा तुकडा सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं नाव त्सानच्युनचा खेळ. त्सानच्युन हे सरकारी हुद्द्याचं नाव, आपल्या भाषेत लष्करी कारभारातला हाताखालचा अधिकारी. गोष्ट अशी की फार पूर्वी एका अधिकाऱ्यानं सरकारी रेशीम खाल्लं. राजानं त्याला माफ केलं, पण प्रत्येक मेजवानीत त्याला मध्ये उभं करायचं आणि नटांनी त्याची रेवडी उडवायची, अशी शिक्षा दिली.

त्यातून दोन ठरलेली पात्रं तयार झाली. एक त्सानच्युन, स्वतःला शहाणा समजणारा बावळट. दुसरा त्सांगहू, म्हणजे ससाणा, तो पहिल्याला टोचून टोचून हैराण करणारा. आज गोष्ट भ्रष्ट अधिकाऱ्याची, उद्या आणखी कशाची, पण जोडी तीच. नाटक बदललं तरी पात्राचा साचा कायम, ही चिनी नाटकाची सगळ्यात मोठी खूण. तिची सुरुवात या जोडीत दिसते.

मिंगह्वांगला हा खेळ फार आवडायचा. त्याच्याकडे ली श्येनहे नावाचा नट होता. तो त्सानच्युनचं काम इतकं झकास करायचा की सम्राटानं त्याला खरोखरच त्सानच्युनचा हुद्दा देऊन टाकला, का तर त्याला त्या पदाचा पगार मिळावा! दुसरा नट ह्वांग फानचुओ. हजरजबाबी असा की सम्राटाला चार गोष्टी सुनवायच्या असतील तर तो त्या विनोदात घोळून सुनवायचा.

हे सगळं चालू असताना राज्यही उत्तम चाललं होतं. पहिली जवळपास ३० वर्षं चीनच्या इतिहासात सुवर्णकाळ म्हणून गणली जातात. मंत्री चांगले होते आणि सम्राट त्यांचं ऐकत होता. ७२९ पासून त्याच्या वाढदिवसाला देशभर सण साजरा व्हायला लागला. त्या दिवशी शंभर घोडे संगीताच्या तालावर नाचायचे. एक गुडघा टेकून, तोंडात प्याला धरून सम्राटाला शुभेच्छा द्यायचे. १९७० साली शिआनमध्ये जमिनीखाली पुरलेला तांगकालीन खजिना सापडला, त्यातल्या चांदीच्या एका सुरईवर असाच प्याला तोंडात धरून बसलेला घोडा कोरलेला आहे.

त्याच्या दरबारातल्या सगळ्यात गाजलेल्या नृत्यसंगीताचा धागा तर थेट भारताकडे जातो. इंद्रधनुषी घागरा आणि पिसांचा झगा असं त्याचं नाव. सम्राट चंद्रावर गेला, तिथल्या अप्सरांचं संगीत ऐकलं आणि परत येऊन ते लिहून काढलं, अशी लोककथा. जुन्या नोंदी जरा जमिनीवरच्या आहेत. पश्चिम सीमेवरच्या एका सुभेदारानं दरबारात एक धून पाठवली होती, तिचं नाव होतं ब्राह्मण. ७५४ साली सरकारी हुकमानं ज्या परदेशी धुनांची नावं बदलून चिनी केली गेली, त्यात ब्राह्मणचं नाव इंद्रधनुषी घागरा झालं.

या संगीतावर नाचणारी बाई म्हणजे यांग ग्वेफेइ.

ही आधी सम्राटाच्या मुलाची बायको होती. सम्राटाची लाडकी राणी ७३७ साली वारली आणि त्याचं लक्ष सुनेकडे गेलं. ७४० साली तिला ताओ पंथाची जोगीण करण्यात आलं, म्हणजे आधीचं लग्न आपोआप बाद. ७४५ साली तिला ग्वेफेइ हा दर्जा मिळाला. तेव्हा तो ६० वर्षांचा होता आणि ती २६ वर्षांची. ती उत्तम नाचायची, वाद्यं वाजवायची. ज्याचा जीव बागेत रमायचा त्याला बागेतलीच सोबतीण मिळाली.

पुढच्या सगळ्या बरबादीचं खापर लोकांनी तिच्यावर फोडलं, ते काही न्यायाचं नाही. सम्राटानं कारभार ली लिनफू नावाच्या मंत्र्यावर टाकला होता तो ७३० च्या दशकातच, ती येण्याच्या आधी. सीमेवरच्या सुभेदारांना वर्षानुवर्षं एकाच जागी ठेवून त्यांच्या हातात लाखांची फौज देण्याचा निर्णयही तिचा नव्हता.

या सुभेदारांपैकी एक आन लुशान. सोग्दियन आणि तुर्क वंशाचा, अंगानं अवाढव्य. दरबारात आला की सम्राटासमोर मध्य आशियातली गिरकी इतक्या वेगानं घ्यायचा की बघणारे थक्क व्हायचे. सम्राट त्याच्यावर बेहद्द खुश. एक नाही, तीन सुभे त्याच्याकडे सोपवले. ७५५ च्या डिसेंबरात त्यानं आजच्या बीजिंगच्या बाजूनं बंड पुकारलं. महिनाभरात लुओयांग पडलं. पुढच्या उन्हाळ्यात राजधानीचा रस्ता मोकळा झाला.

७५६ च्या जुलैत ७० वर्षांचा सम्राट पहाटे चांगआनमधून पळाला. ३०० शिष्यांना सोबत न्यायची सोयच नव्हती. मावेइ नावाच्या टप्प्यावर उपाशी सैनिकांनी ग्वेफेइच्या नात्यातल्या मंत्र्याला ठार केलं आणि मग पुढं जायला नकार दिला. त्यांना ग्वेफेइचाही जीव हवा होता. सम्राटानं होकार दिला. गाओ लीशी या त्याच्या सगळ्यात जुन्या सेवकानं तिला गळा आवळून मारलं. महिनाभरात सम्राटाच्या मुलानं परस्पर स्वतःला सम्राट जाहीर केलं.

बागेतल्यांचं काय झालं?

बंडखोरांनी बरेच वादक, नट आणि नाचणाऱ्या पकडून लुओयांगला नेले. तिथं विजयाची मेजवानी ठेवली आणि त्यांना वाजवायला लावलं. कितीतरी जण वाजवता वाजवता रडत होते. लेइ हायछिंग नावाच्या वादकानं हातातलं वाद्य जमिनीवर आपटलं आणि सम्राट पळाला त्या पश्चिमेकडे तोंड करून हंबरडा फोडला. आन लुशानच्या माणसांनी सगळ्यांसमोर त्याचे तुकडे केले.

ली ग्वेइन्येन जीव वाचवून दक्षिणेत पोहोचला. चांगआनमध्ये ज्याचा वाडा होता तो आता लोकांच्या मेजवान्यांमध्ये जुनी गाणी म्हणून पोट भरत होता. ऐकणारे जेवण सोडून रडायचे म्हणतात. त्याचे एकेकाळचे श्रोते असलेला कवी तू फू त्याला तिथंच भेटला.

ह्वांग फानचुओ बंडखोरांच्या हाती सापडला आणि त्यानं तिथंही विनोदावर जीव वाचवला. आन लुशानला स्वप्न पडलं की आपल्या झग्याच्या बाह्या लांबून पायऱ्यांपर्यंत पोहोचल्या. फानचुओनं सांगितलं की हे तर थोर राजाचं लक्षण. पुढे मिंगह्वांगसमोर त्याची चौकशी झाली, तेव्हा त्यानं खुलासा केला की बाह्या एवढ्या लांब झाल्या तर हात बाहेर येणारच नाहीत, हे त्याला तेव्हाच कळलं होतं. सम्राटानं हसून सोडून दिलं, अशी कथा आहे.

सगळ्यात वाईट घोड्यांचं झालं. त्यातले काही फिरत फिरत त्येन छेंगस नावाच्या सरदाराच्या तबेल्यात आले. त्यांना नाचता येतं हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. एक दिवस छावणीत मेजवानी होती, वाद्यं वाजायला लागली आणि घोडे नाचायला लागले. मोतद्दारांना वाटलं यांना भूतबाधा झाली. त्यांनी झाडूनं मारायला सुरुवात केली. घोड्यांना वाटलं आपलं नाचणं कमी पडतंय, म्हणून ते आणखी तालात नाचले. शेवटी मार खाऊन मेले.

मिंगह्वांग ७५७ च्या अखेरीस चांगआनला परतला, पण आता तो निवृत्त सम्राट होता. ७६० साली मुलाच्या दरबारातल्या खोजानं त्याला राजवाड्याच्या एका कोपऱ्यात हलवलं. गाओ लीशीला हद्दपार केलं. ७६२ साली, वयाच्या ७६ व्या वर्षी तो वारला. त्यानंतर १३ दिवसांनी त्याचा मुलगाही गेला.

सोशल मीडियावर या बंडात ३ कोटी ६० लाख माणसं मेल्याचं फिरत असतं. तो आकडा असा आला: ७५४ च्या नोंदणीत सुमारे ५ कोटी २९ लाख माणसं होती, ७६४ च्या नोंदणीत १ कोटी ६९ लाख. पण मधल्या काळात निम्म्या देशात नोंदणी करणारं सरकारच उरलं नव्हतं. मेलेले अफाट होते, यात शंका नाही. पण कागदावरून गायब झालेला प्रत्येक माणूस मेलेला नव्हता.

आता सोंगाड्याच्या गोष्टीतली गडबड. मिंगह्वांगनं स्वतः रंग लावून सोंगाड्याचं काम केल्याचा भक्कम पुरावा नाही. नटांबरोबर खरोखर नाचणारा सम्राट झाला तो दीडशे-एक वर्षांनी. त्याच्या घराण्याचं नावही तांगच होतं, नंतरचं तांग. झुआंगझोंग हा सम्राट ९२३ साली गादीवर आला. त्यानं स्वतःला नटाचं टोपणनाव घेतलं होतं, नटांना मोठमोठ्या जागा दिल्या होत्या आणि ९२६ साली एका माजी नटानंच केलेल्या बंडात तो मारला गेला. नावं सारखी, गोष्टी मिसळल्या. नाटकवाल्यांच्या देवाचं नाव लाओलांग. तो देव म्हणजे यातला नक्की कोण, यावर कंपन्यांमध्येही एकमत नव्हतं. बहुतेकांनी बागवाल्याला पसंती दिली.

त्सानच्युनची जोडी मात्र टिकली. सोंग काळातल्या नाटकात ती फूजिंग आणि फूमो झाली, एक मार खाणारा आणि एक मारणारा. पुढे तेराव्या शतकात मंगोलांच्या राज्यात चार अंकी नाटकं आली. तिथं पुरुष पात्र मो, स्त्री पात्र दान आणि रंगवलेल्या तोंडाचं जिंग. गंमत म्हणजे त्या नाटकांमध्ये सहसा एकच मुख्य पात्र सगळी गाणी म्हणायचं. दक्षिणेकडच्या नाटकांनी त्यात शेंग म्हणजे नायक आणि चोउ म्हणजे सोंगाड्या यांची भर घातली. आजच्या बीजिंग ऑपेरात शेंग, दान, जिंग, चोउ हे चार साचे आहेत.

आणि या साच्यांमध्ये बसवायला नाटककारांना मिंगह्वांगच्या आयुष्याइतकं सोयीचं काही सापडलं नसेल. मंगोल काळात पाय पू यानं त्याच्यावर नाटक लिहिलं, त्यात म्हातारा एकटा सम्राट पावसाचा आवाज ऐकत रात्र काढतो आणि सगळी गाणी तोच म्हणतो. १६८८ साली होंग शेंग यानं चिरंतन जीवनाचा महाल हे ५० प्रवेशांचं नाटक पूर्ण केलं. त्यात सम्राट शेंग, ग्वेफेइ दान, आन लुशान जिंग आणि गाओ लीशी चोउ. पुढच्याच वर्षी दरबारी सुतकाच्या दिवसांत त्याचा प्रयोग झाला आणि होंग शेंगला शाही विद्यापीठातून काढून टाकण्यात आलं. नाटकाचे प्रवेश आजही होतात.

फुजियान प्रांतात आणि तैवानमध्ये मात्र अनेक कंपन्या मिंगह्वांगला पूजत नाहीत. त्यांचा देव आहे सेनापती त्येन. बरेच जण सांगतात की हा सेनापती म्हणजे लुओयांगमध्ये वाद्य आपटणारा लेइ हायछिंग. मेल्यावर तो सम्राटाच्या मदतीला आकाशात प्रकटला. त्याच्या झेंड्यावर लेइ हे अक्षर होतं. त्या अक्षराचा वरचा भाग म्हणजे पाऊस आणि खालचा भाग म्हणजे शेत. वरचा पाऊस ढगात झाकला गेला आणि खालून बघणाऱ्यांना फक्त शेत दिसलं, त्येन.